ढाण्याचा आवाज

ढाण्या इतकं हळू बोलायचा, की भवानीनगरच्या दुकानदाराला साबणाचं नावही त्याच्याकडून दोनदा वदवून घ्यावं लागे. तोच ढाण्या माइक हातात आला की पोटातून अशी गुरगुर काढायचा, की माझ्या ड्रमची कातडी काठी न लावता थरथरे.

बारामतीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही पहिल्यांदा हेवी मेटल वाजवलं. पुढच्या रांगेनं कानात बोटं घातली. ढाण्यानं आमच्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं आणि मागची पोरं खुर्च्यांवर चढली. त्या गाण्याचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. वर्षभरात पुणे, बंगळुरू, गोवा. पोरं दंडावर त्याचा चेहरा गोंदवून घ्यायला लागली.

कुणी मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं, असं मी कधी पाहिलं नाही. इंदापूरच्या स्टँडवर एक कंडक्टर म्हणाला, "ते गुरगुरनं करा की जरा." ढाण्यानं भर उन्हात केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो खांबामागं जाऊन थुंकला आणि चपलेनं ते घाईनं पुसलं. मला लाल दिसलं.

"पान खाल्लं हुतं," तो म्हणाला.

ढाण्या पान खात नसे. पण आठ दिवसांवर बंगळुरूचा कार्यक्रम होता. मी एसटीत जागा धरायला गेलो.

पुढं तालमीत पाणी गिळतानाही तो डोळे मिटायला लागला. शेवटी मीच त्याला बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "घशात गाठ आहे. तुकडा काढून लगेच तपासायला हवा. तोवर आवाज पूर्ण बंद."

बाहेर आल्यावर ढाण्या म्हणाला, "एवढा पुण्याचा कार्यक्रम होऊ दे. लोक लई लवकर विसरत्यात रं."

पुण्याला निघताना त्याच्या आईनं मला दारात अडवलं. "तुझं ऐकतोय त्यो. तू तरी थांबीव त्याला."

"व्हय, काकू," म्हणालो आणि ड्रम टेम्पोत चढवले.

पुण्यात मैदान खच्चून भरलं होतं. तिसऱ्या गाण्यात ढाण्यानं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मानेच्या शिरा ताठ, ओठ फाकलेले, आवाज शून्य. लोकांना वाटलं, ही गुरगुर त्यानं आपल्यासाठी सोडलीय. हजारो गळे एकदम गुरगुरले. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मी गाणं संपेपर्यंत वाजवत राहिलो.

तपासणीला उशीर झाला होता. स्वरयंत्र काढावं लागलं.

आता तो इंदापूरजवळ मामाच्या पेरूच्या बागेत असतो. गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं बांधतो. त्याच्या जागी आम्ही दुसरा गायक घेतला. लोकांनी दोन कार्यक्रमांत त्याला डोक्यावर घेतलं. हे सांगायला मी मागच्या महिन्यात बागेत गेलो, आणि ते सोडून सगळं बोललो. ढाण्या हसून ऐकत होता. मग त्यानं फोनवर टाइप करून माझ्यापुढं धरलं: "त्या दिवशी तू वाजवायचं का थांबला न्हाईस?"

मी ते दोनदा वाचलं. त्यानं फोन खिशात ठेवला आणि माझ्या घरी न्यायला पेरू तोडू लागला.