रकानेचाचांची कार्डं

रकानेचाचांना कोरा कागद सहन होत नसे. लग्नाची पत्रिका असो की वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद, हाती लागला की कानावरची पेन्सिल उतरायची, रूळ सरकायचा आणि उभ्या रेघा पडायच्या. मग ते समाधानाने चहा मागवायचे. सांगलीत सरकारी दवाखान्यासमोर त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे.

दवाखान्यातून घाबरीघुबरी माणसं हातात चिठ्ठी घेऊन बाहेर पडत आणि समोर दिसेल त्या दुकानात विचारत, रक्त कुठं मिळंल? समोर दिसणारं दुकान चाचांचं. "रोज कुणीतरी इचारतंय, आन् रोज मी न्हाई म्हणतोय. लय वंगाळ वाटायचं बघ," हे त्यांनी मला सांगितलेलं कारण. त्यातून त्यांनी रक्त देणाऱ्या माणसांची कार्डं करायला घेतली. पुठ्ठ्याच्या उरलेल्या कापांची कार्डं, त्यांवर अर्थातच रकाने.

कार्डांच्या वरच्या काठाला ओळीने भोकं पाडलेली असत. एक भोक एका रक्तगटाचं, एक एका तालुक्याचं. ज्या माणसाचा जो गट, ते भोक कात्रीने काठापर्यंत फोडलेलं. चिठ्ठी घेऊन कुणी आलं की चाचा सगळा गठ्ठा हातात घेत, त्या गटाच्या भोकातून छत्रीची जुनी काडी घालत आणि गठ्ठा उचलून झटकत. बाकीची कार्डं काडीला लोंबत राहत आणि नेमकी हवी तेवढी टेबलावर पडत. मी संगणक शिकून आलेली, मला त्याचं फार अप्रूप वाटायला हवं होतं. मला हसू आलं होतं.

कार्डावर कुणीही लिहावं, अशी मुभा होती. रिक्षावाले, नर्सबाई, रक्त देणाऱ्याचे शेजारी, सगळे लिहीत. अट एकच: दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही. चूक वाटली तर खाली आपलं लिहायचं आणि नाव घालायचं. त्यामुळे कार्डांवर भांडणंसुद्धा चालत. एका कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, "हा माणूस येतो म्हणतो, येत नाही." त्याच्याखाली त्या माणसाच्या बायकोने लिहिलं होतं, "मला निरोप द्या, मी पाठवते." चाचा अशा ओळी गिऱ्हाइकाला वाचून दाखवत आणि वर म्हणत, "आता सांग, खोडलं असतं तर बायकोचं कळलं असतं का?"

सत्त्याण्णवच्या सुमारास मी शेजारच्या गाळ्यात संगणकाचा वर्ग काढला. एक यंत्र, चार विद्यार्थी आणि माझा तोरा. कार्डांची यादी संगणकात घालून देते, असं मीच चाचांना म्हटलं. फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रॅममध्ये तक्ता केला: नाव, गट, तालुका, पत्ता, शेवटचं रक्त कधी दिलं. माणूस एक, ओळ एक. कार्डांवर खाली लिहिलेलं कुठल्याच रकान्यात बसेना. त्याला मी "गप्पा" असं नाव दिलं आणि सोडून दिलं. चाचांनी विचारलं, "आन् खालचं?" मी म्हटलं, "चाचा, त्याची गरज नाही. यंत्राला मुद्द्याचं लागतं." कार्डांचं खोकं मात्र त्यांनी माळ्यावर टाकलं नाही, टेबलाखालीच ठेवलं.

दोन महिन्यांनी माझी धाकटी बहीण सुनंदा बाळंतपणासाठी समोरच्याच दवाखान्यात दाखल झाली. आठवा महिना, अंगावरून जाऊ लागलेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळच्या आत ऑपरेशन करावं लागेल, बी निगेटिव्हच्या दोन बाटल्या तयार ठेवा. एक मिळाली. दुसरी कुठंच नव्हती. मी धावत वर्गात गेले आणि यादी काढली. तीन नावं आली. एकजण गाव सोडून गेलेला, दुसऱ्याला कावीळ झालेली. तिसऱ्याच्या मिरजेच्या घराला कुलूप, शेजारपाजारीही कुणी नाही. मेव्हणे दारावर हात मारून परत आले. दुपारचा एक वाजला होता.

मी चाचांच्या दुकानात जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्या हातातला छापील कागद घेतला नाही. खोकं ओढलं, काडी घातली, झटकली. तीच तीन कार्डं पडली. तिसरं त्यांनी उलटसुलट करून डोळ्यांजवळ धरलं आणि तळाची ओळ वाचली. कुणा शेजारणीने लिहिलेली होती: "घरी भेटत नाही. बाजारादिवशी इस्लामपूरला, बांगड्यांच्या ओळीत."

"आज इस्लामपूरचा बाजार हाय," चाचा मेव्हण्यांना म्हणाले. "आवं, बघताय काय? गाडी काढा."

मेव्हणे मित्राच्या जीपने गेले. साडेचारच्या सुमाराला ते बांगडीवाल्याला घेऊन आले. दुकान शेजारच्याच्या भरवशावर टाकून तो तसाच जीपमध्ये बसला होता. सुनंदा वाचली. मुलगी झाली, साडेचार पौंडांची.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना सगळं कबूल केलं. ती ओळ मी वाचली होती आणि मुद्दाम गाळली होती, हेही सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा मागवला. "तुझं यंत्र झकास हाय बेटा," ते म्हणाले. "पर माणूस काय एका ओळीत मावतंय व्हय?"

पुढचे तीन महिने मी रोज सकाळी त्यांच्या टेबलाशी बसून प्रत्येक कार्डाचा प्रत्येक शब्द टंकला. कोण कुणाला काय म्हणालं, कुणी कधी लिहिलं, सगळं. आयुष्यात पुढे जे काही काम केलं, त्याचं शिक्षण माझं त्या टेबलाशी झालं. त्याची फी मी कधी दिली नाही.

नजर अधू झाली तसे चाचा साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले. दुकान पुतण्याने चालवायला घेतलं. मी सगळी यादी छापून, त्यांच्याच पद्धतीने बांधून घेतली आणि दाखवायला साताऱ्याला गेले. त्यांनी पानांवरून बोटं फिरवली. मुलीने दोन-तीन पानं वाचून दाखवली. शेजारीण, नर्सबाई, भांडखोर रिक्षावाला, सगळे जागच्या जागी होते. चाचा खूश झाले. मग त्यांनी एक पान डोळ्यांना लावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "समदं भरलंस की गं. आता लोकांनी लिवायचं कुठं?"

मी खजील झाले आणि थोडी चिडलेही. परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत मनात त्यांच्याशी भांडत होते. घरी येऊन सगळं पुन्हा मांडलं. प्रत्येक माणसाला एक पान, निम्मं कोरं. ती वही बांधून होण्याआधीच साताऱ्याहून फोन आला, की चाचा गेले.

वही दुकानात टेबलावर ठेवली, सुतळीने पेन्सिल बांधली. महिनाभर कुणी काही लिहिलं नाही. मग एकदा सहज चाळताना बांगडीवाल्याच्या पानावर हात थांबला. छापलेल्या ओळींखाली मोठ्या, वाकड्या अक्षरात त्याने स्वतः लिहिलं होतं: "माझं आता वय झालं, डॉक्टर नको म्हणतात. मुलाचा गट तोच आहे. बाजारात माझ्या जागेवर बसतो. त्याला हाक मारा." खाली दोघांच्याही सह्या होत्या.

चाचांना ते वाचून दाखवायला हवं होतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मनसोक्त रडले.