नाही म्हणायची तालीम

विमलताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा, खरे सांगायचे तर, त्या मला आवडल्या नव्हत्या. माझा धाकटा भाऊ प्रकाश व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता आणि मी त्याला घेऊन आंजी गावी त्यांच्याकडे गेलो होतो. मला वाटले, बाई चार समजुतीच्या गोष्टी सांगतील, एखादी शपथ घ्यायला लावतील. त्यांनी त्याच्यापुढे वांगी आणि विळी सरकवली.

"भाजी येते का कराले?"

"नाई."

"मंग संध्याकाळी काय करशीन? हात तर रिकामेच राह्यतीन तुह्ये."

भाऊ वाचवायला आणला आणि या बाई त्याला स्वयंपाकी करायला निघाल्या, असे मी मनात म्हटले.

ताई शाळेत गृहविज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी घराची समोरची खोली दारू सोडलेल्या माणसांसाठी उघडली. आपला जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दुकान नाही, दारू घरपोच. बरा झालेला माणूस परत येतो तो त्याच गावात, त्याच मित्रांत. संध्याकाळ कशी काढायची, झोप लागत नसेल तर काय करायचे, बायकोने चारचौघांत टोमणा मारला तर उठून न जाता कसे बसून राहायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. ताई ते हाताला धरून शिकवतात.

त्यांची खरी शिकवण म्हणजे तालीम. डोक्याला दुपट्टा बांधून ताई स्वतः नवरदेवाचा साळा होतात आणि पाण्याचा गिलास घेऊन अंगावर येतात. समोरच्याने फक्त नाही म्हणायचे. कारण द्यायचे नाही. कारण दिले की लोक ते खोडून काढतात, असे त्या बजावतात. लग्न, पोळा, निवडणूक, सासुरवाडीचा पाहुणचार, सगळ्याच्या तालमी होत. प्रकाश त्यांत पक्का झाला. गवंडीकामावर जाऊ लागला, घरी वांग्याची भाजी करू लागला. ती आमच्या घरातल्या बायकांच्या भाजीपेक्षा बरी होई, हे मी दबक्या आवाजात लिहितो.

मग आमचे बाबा गेले. स्मशानातून परतल्यावर खांदा देणाऱ्यांनी थोडी घ्यायची, अशी आमच्याकडे जुनी रीत. काकांनी प्रकाशच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरलेले होते.

"घे बेटा, थकला तू. बापाच्या नावानं घे."

प्रकाशने नाही म्हणायला तोंड उघडले. मग त्याने गिलास घेतला, आणि त्यानंतर त्याचे पिणे थांबेना.

निरोप मिळताच ताई एसटीने आल्या. आता त्या त्याला बोलणार, अशी माझी खात्री होती, आणि बोलाव्यात अशी इच्छाही होती. त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"चूक माही हाय, बाप्पा. लग्नाची तालीम घेतली, पोळ्याची घेतली. मयतीची घेतलीच नाई."

प्रकाश पुन्हा केंद्रात गेला, पुन्हा परतला. आज तो पीत नाही. पण ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. हृदय साथ देत नाही, चार वाक्ये बोलल्या की दम लागतो. पुढची मयत कोणाची असू शकते, हे त्यांना आमच्याआधी कळले. एका रविवारी त्या चटईवर आडव्या झाल्या आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"मी मेली समजा. थोडं रडून घ्या. मंग गुरुजी गिलास आणतीन."

गुरुजी म्हणजे मी, शाळेतला मास्तर. आधी सगळे हसले. मग कुणी हसेना. मी गिलास पुढे केला. साऱ्या जगाला नाही म्हणणारा प्रकाश माझ्या हातून तो घेतो आणि त्यांच्या पायाशी बसून रडतो. ही तालीम कितीदा झाली, दर वेळी इथेच अडते.

"रड बाप्पा," पदराखालून आवाज येतो, "पण गिलास ठेव खाली."

पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना शतायुषी व्हा असे लिहितात. मी ते रीत म्हणून लिहीत नाही. माझा भाऊ या एकाच धड्यात नापास आहे आणि मला भीती वाटते. ताई, औषधे वेळेवर घ्या, उन्हात फिरू नका. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. प्रकाशला तो गिलास खाली ठेवता येईपर्यंत तर तुम्ही राहाच. आणि ठेवता आल्यावरही राहा. त्या धड्याची गरज त्याला पडूच नये.