नानासाहेबांचा मुराळी

आमच्या घरात दोन सुना. थोरली मी, धाकटी सत्यशीला. चौसाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा घरच्या पुरुषांनी तिला उभं केलं आणि निवडून आणलं. शिक्का मात्र तिचा नवरा, माझा दीर बजरंग खिशात घालून फिरायचा. तिला कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगते, तेच बरं होतं.

कारण आमच्या भागात चालतं ते पुढारी नानासाहेबांचं. मोठ्या घरच्या बायकांना पदावर बसवायचं आणि मग कामाच्या नावाखाली मांजरसुंब्याच्या बंगल्यावर बोलवायचं. नवरे बाहेर चहा पीत बसतात. शेजारच्या गावची एक पाटलीण तासाभरानं आतून आली. मागोमाग नानासाहेब आले आणि सगळ्यांदेखत तिच्या नवऱ्याला म्हणाले, "मॅडम लई लाजाळू हायेत बे, जरा शिकव." सगळे हसले. नवराही हसला. हे बजरंगनंच घरी येऊन सांगितलं, तेही हसत. मेल्याला लाज नाही.

श्रावणात आमच्याकडं निरोप आला. रस्त्याच्या फाइलवर सही करायला मॅडमनी स्वतः यावं. सत्यशीलानं तापाचं निमित्त सांगून वेळ मारून नेली आणि डोकं चालवलं. राखी पौर्णिमेला नानासाहेबांचा जाहीर कार्यक्रम असतो, बायका रांगेनं राखी बांधतात. ही पुढं झाली, राखी बांधली आणि भरल्या मंडपात माइकवर म्हणाली, "मला भाऊ न्हाई. आजपासनं तुमीच माझे भाऊ." टाळ्या पडल्या. नानासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुटले, आक्का," येताना ती मला म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

निरोप थांबले. भाऊबिजेला मात्र दारात गाडी येऊन उभी राहिली. मिठाईचे डबे, भारी लुगडं, आणि मुराळी म्हणून नानासाहेबांचा माणूस पंडित.

"ताईला न्यायला आलोय. बंगल्यावर दोन दिस माहेरपण हाय."

सत्यशीला पांढरीफटक पडली. बजरंगला आत बोलावून म्हणाली, "मी न्हाई जायची. ते कसले भाऊ हायेत, तुमाला ठाव न्हाई का?"

"आता कावून न्हाई म्हणायलीस? चारचौघात भाऊ तूच केलास. भावाचा मुराळी माघारी धाडला तर लोक काय म्हणतील?"

सहीला ताप सांगता आला होता. भाऊबिजेला भावाकडं न जायला ती काय सांगणार? सासूबाईंनी तिला कुंकू लावलं, पण तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

मग ती माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी चला संगं. तुमी शेजारी बसल्यावर काय करतील?"

तिचं बरोबर होतं. मी नुसती बसून राहिले असते तरी पुरलं असतं. पण माझी लेक प्रियदर्शनी नानासाहेबांच्याच संस्थेत मास्तरीण आहे. मी भ्याले, दुसरं काही नाही.

"माझे गुडघे लई दुखायलेत गं," मी म्हणाले.

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. तिची पिशवी मीच तिच्याशेजारी ठेवली, आणि दारही मीच लावलं.