रुसलेल्या चपला

काळजी करायला संगीताला कारण लागत नसे. पोरगी खोकली तर डॉक्टर, आणि खोकली नाही तर आज इतकी गप्प कशी म्हणून डॉक्टर. चार वर्षांच्या नयनने तोंड उघडायच्या आत घास हजर, पाय पुढे करायच्या आत चपला हजर. बाभुळगावच्या त्या गल्लीत नयनला सगळे 'महाराणी' म्हणत. संगीताला ते कौतुकच वाटायचं.

अशात तिला यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नवरा दिवसभर वावरात, म्हणजे नयनला सांभाळणार सासूबाई, तानाबाई. त्यांनी दुखरे गुडघे चोळत साफ सांगितलं, "पोट्टीले मी पाहीन. पन ताट घेऊन तिच्यामांगं धावनं माह्याच्यानं होत नाही. आपल्या हातानं जेवली, कपडे-चपला घातल्या, तं तू जाय खुशाल. नाही तं राह्य घरी."

झालं! संगीता पदर खोचून कामाला लागली. कपड्यांची खुंटी नयनच्या खांद्याइतकी खाली आली. माठापुढे पाट आणि इवलासा गिलास आला. फ्रॉक पलंगावर पालथा पसरायचा आणि घेरातून डोकं घालायचं, की पुढचं मागे होत नाही, हे नयनने एका झटक्यात उचललं. वरणभात खोलगट वाटीत वाढला, की घास काठाशी अडतो, पळत नाही, हेही.

जमेना ते संगीताच्याच हातांना. नयनचं बटण जरा अडकलं की हे हात निघालेच! शेवटी तिने स्वतःवरच तोडगा काढला. नयन तयार होत असली की आपण परातीत कणीक मळायला बसायचं. चिकट हातांनी कुणाचं बटण लावणार? बटणं लागू लागली आणि घरात पोळ्यांचा डोंगर उभा राहिला. नवरा म्हणाला, "काहून व, पंगत हाय का आपल्या घरी?"

राहिल्या चपला. त्या रोज उलट्याच. मग संगीताने दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला एकेक लाल टिकली चिकटवली. "हे पाह्य, टिकल्या एकमेकींकडं पाहून राह्यल्या तं चपला खूश. तोंड फिरवलं तं रुसल्या."

"मंग मी त्यायले मनवतो," नयन म्हणाली, आणि त्या दिवसापासून एकदाही चुकली नाही. पण ही गोष्ट संगीताने सासूबाईंपासून चोरून ठेवली. कुंकवाच्या जागची टिकली पायात, म्हणजे घरात महाभारत.

शनिवारी तानाबाईंचं भजनी मंडळ घरी जमलं. आत टाळ रंगात आले, बाहेर ओसरीवर चपलांचा खच. भजन संपलं, बाया उठल्या आणि विमलताई ओरडल्या, "अव माय! माह्या चपलेले कुकू कोनं लावलं?"

साऱ्याच चपलांना लागलं होतं. प्रत्येक जोड नीट लावलेला, टिकल्या समोरासमोर. मधोमध नयन टिकल्यांचं रिकामं पाकीट घेऊन बसलेली. "समद्या रुसल्या होत्या," ती दमून म्हणाली. "मी मनवल्या."

"हे शिकवलं कोनं इले?" विमलताईंनी विचारलं.

संगीता पुढे आली. गेली नोकरी! "मी," ती पुटपुटली.

तानाबाई आपल्या चपलांकडे टक लावून पाहत होत्या. नवरा, रामराव, गेल्यापासून त्यांच्या कपाळावर टिकली नव्हती आणि नयनने आजीसाठी पाकिटातली सगळ्यात मोठी, चमकी लावलेली जोडी निवडली होती.

"कपायाले नाही," तानाबाई सावकाश म्हणाल्या, "तं पायाले तरी लागली व माय!"

आणि त्या अशा हसल्या की त्यांना खांबाला धरून बसावं लागलं. मग विमलताई, मग सगळं मंडळ. कुणाचे टाळ हातातून निसटून खणखणले, कुणाचा पदर डोळ्यांना गेला. नयनही हसली, का ते न कळता.

"अन् पाह्यलं काय?" तानाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पंधरा बायांच्या चपला, येक बी उलटी नाही. जाय व संगीता सोमवारी. हे पोट्टी मले सांभाळते आता."

सोमवारी दुपारची सुट्टी होताच संगीताने ग्रंथालयातून घरी फोन लावला. "आई, जेवली का ते? रडली का? पाणी पेली?"

"जेवली, वाटी धुतली, अन् मलेच म्हन्ते, 'आजी, तू भात काहून सांडून राह्यली?'" पलीकडून तानाबाई म्हणाल्या. "तू जेवली काय?"

संगीताचा डबा पिशवीतच होता.

"आता सांग," तानाबाई म्हणाल्या, "आपल्या हातानं जेवतं, का येऊ मी ताट घेऊन?"