एकतिसावं मिनिट

रविवारी सकाळी घरात मी, बायको आणि सोसायटीच्या कार्यक्रमांना माइक लावणारा तो, असे तिघेच होतो. वडिलांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग उतरवून द्यायचे दर मिनिटाला दहा रुपये; अडतीस मिनिटांचे तीनशे ऐंशी ठरले. महाळुंग्याच्या आमच्या शेतांची नावं वडिलांनी त्यात सांगितलेली होती. ते रेकॉर्डिंग जुन्या कॉम्प्युटरवर वाजायचं, पण कॉपी होत नव्हतं. वडील गेले, आणि कॉम्प्युटरही मध्येच बंद पडू लागला होता.

मी मोबाइल स्पीकरसमोर धरून केलेली नक्कल त्याने ऐकली. "भाऊ, कुकरची शिट्टीबी वडलांचीच का?"

त्याने कॉम्प्युटरची वायर ऑडिओ इंटरफेसच्या डबीला जोडली आणि डबी आपल्या लॅपटॉपला. आवाज वायरीतून जाणार होता, तरी नेहमीसारखा पंखा बंद करून तो मांडी घालून बसला, जणू वडील समोरच बोलत होते.

एकतिसाव्या मिनिटाला कॉम्प्युटरने अँटिव्हायरस संपल्याची घंटा वाजवली. तीही रेकॉर्ड झाली. अडतीस मिनिटं पूर्ण झाल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून लावायला निघाला.

"राहू द्या, पुन्हा लावला आणि बंद पडला तर?" मी म्हणालो.

"हे झालेलं ठेवलंय की. पण घंटेखाली एका शेताचं नाव गेलं, राव. तुमाला ठाऊक हाय का कुठलं?"

मला ठाऊक नव्हतं.

त्याने कॉम्प्युटरच्या सूचनांचे आवाज बंद केले आणि पहिल्यापासून लावलं. एकतिसाव्या मिनिटाला वडील स्वच्छ म्हणाले, "बाभूळपट्टी."

मी शहात्तर मिनिटांचे सातशे साठ पुढे केले. "घंटा बंद करायची मीच इसरलो," म्हणत त्याने निम्मे परत दिले. त्याला दिले ते तीनशे ऐंशीच.