सळ्यांवरचे मणी घेऊन एकोडीला

"मण्यांची भोकं साफ करायला कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न या ब्लॉगवर अजून येतो. ब्लॉग माझा नाही, सुधाचा. माझ्या बायकोचा. स्वयंपाकघरात गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून ती मणी करायची, त्यांचे फोटो इथे टाकायची आणि भोकांचा विषय निघाला की "ते आमच्या ह्यांना विचारा" असं लिहून मोकळी व्हायची. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केली, तेव्हा बारीक फिरती हत्यारं हा माझा प्रांत. सुधाला जाऊन वर्ष उलटलं. महिन्यापूर्वी तिच्या माहेरी, भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीला जाऊन आलो. मशीनचं उत्तर आणि त्या प्रवासाची हकीगत मला वेगवेगळी सांगता येत नाही, म्हणून एकत्रच लिहितो.

ज्यांनी मणी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. वितळलेली काच स्टीलच्या सळीभोवती गुंडाळली की मणी होतो. काच सळीला चिकटू नये म्हणून सळीला आधी मातीचा लेप देतात. मणी भट्टीत सावकाश थंड झाला की सळीवरून पिळून काढायचा. लेप मात्र भोकात चिकटून राहतो. तो काढल्याशिवाय मणी ओवला तर दोरा मळतो आणि घासून घासून तुटतो. आमच्या घरी मणी सुधाचे आणि भोकं माझ्याकडे, अशी वाटणी होती. संध्याकाळी ती सळ्यांचा जुडगा पुढ्यात ठेवायची आणि मी कुरकुरत बसायचो, कारण तिचा लेप भलता चिवट. बाजारात तयार पावडर मिळते, ती पाण्यात भिजली की सुटून येते. सुधा त्यात स्वतःचं काहीतरी कालवायची. काय घालतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "तुम्ही तुमचं काम बघा."

तिची शेवटची खेप भट्टीतून निघाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तळ्याच्या रंगाचे, हिरवट निळे मणी. "ही माळ मंगलाची," असं तिने आधीच ठरवलं होतं. मंगला म्हणजे तिची धाकटी बहीण, एकोडीत असते. ते मणी वर्षभर सळ्यांवरच राहिले. सळीवर आहेत तोवर सुधाचं काम संपलेलं नव्हतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं. दिवाळीला मंगलाचा फोन आला. माझं जेवणखाण, गुडघे, बीपी, सगळं विचारून झालं. माळेचं तिने नाव काढलं नाही. फोन ठेवला आणि ठरवलं की सळ्या घेऊन तिच्याकडेच जायचं, तिथे बसून साफ करायचं. पुण्यात एकट्याने ते माझ्या हातून झालं नसतं.

आता मशीन. घरी माझ्याकडे लॅबमधलं टेबलावरचं मायक्रोमोटर आहे, पायाच्या पेडलवर चालणारं. काम लोण्यासारखं करतं, पण डबा जड आणि त्याला अखंड वीज लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं वायरचं मशीन ताकदीचं असतं, पण काच ओली ठेवूनच घासायची असते आणि ओल्या हातात विजेवरचं मशीन मी कोणालाही धरू देणार नाही. तिसरं, चार्जिंगवरचं, जाड पेनाएवढं. ताकद कमी, पण भोकातली माती काढायला ताकद लागतच नाही. नवशिक्यांनी हेच घ्यावं. मीही तेच पिशवीत टाकलं.

पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी नागपूर. इतवारीत सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं एका ओळीत आहेत, तिथे बिटं, म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायची टोकं, घ्यायला गेलो. दुकानदाराने माझी मागणी ऐकली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"काका, दाताचे डॉक्टर हाव का तुमी?"

"नाही. काचेचे मणी साफ करायचेत."

"मणी? मंग हे ड्रिल घेऊन जा ना. एका झटक्यात आरपार."

"आरपार भोक आहेच. मला फक्त आतली माती काढायचीय."

तो हसला आणि डायमंडचा ट्रे पुढे सरकवला. वाचकांनो, इथेच बहुतेकांची चूक होते. ड्रिलचं पोलादी बिट काचेला लावू नका, भोकाच्या कडेचे कपचे उडतात. हिऱ्याची बारीक भुकटी चढवलेलं बिट घ्या, भोकापेक्षा बारीक आणि टोकाकडे निमुळतं. शिवाय एक सरळ दांडीचं, मधला भाग घासायला. दांडी आपल्या मशीनच्या तोंडात बसते का ते दुकानातच बसवून बघा. मी दोन्ही घेतली, वर एक नायलॉनचा बारीक ब्रश. सगळं मिळून एका चांगल्या जेवणाच्या खर्चात झालं.

नागपूरहून साकोलीची एसटी धरली. रस्ता गुळगुळीत आहे, मध्ये भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल लागतो. भंडाऱ्याच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. सुधा इथे उतरली की तिची बोलीच बदलायची. पुण्यात "मला" म्हणणारी बाई पोहेवाल्याला "मले तर्री जास्त टाकजा" म्हणायची आणि मी तिला त्यावरून चिडवायचो. या वेळी पोहेवाल्याने मला विचारलं, "तर्री टाकू का, काका?" मी नुसती मान हलवली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, असं शेजारच्या माणसाला वाटलं असेल.

साकोलीहून एकोडीला शेअर ऑटो मिळते, भरली की सुटते. थंडीचे दिवस होते. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं झालं होतं आणि खळ्यावर तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे ढीग. मंगला फाटकापाशीच उभी होती. नाक आणि कपाळ सुधाचं. मला ते माहीत होतं, तरी पुन्हा एकदा पाहिलं.

"या भाऊजी. लय वाळले तुमी," ती म्हणाली. मग पिशवीकडे पाहून, "बाईचे मणी आणले?"

सुधाला ती बाई म्हणायची. मी हो म्हणालो. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि जेवण होईपर्यंत देवघरापाशी ठेवली. जेवायला भात आणि मरळ माशाचा रस्सा. गावातले ढिवर तलावातून सकाळी मासे काढतात, ते दारावरच मिळतात. मंगलाचा नवरा विलास, माझा साडू, धान विकायला तुमसरला गेला होता. घरात आम्ही दोघंच होतो आणि दोघंही सुधाविषयी सोडून सगळं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ओसरीत सतरंजी टाकली. एक पसरट घमेलं, त्यात पाणी, माझ्या नाकातोंडावर मास्क. ओलं काम असलं तरी मास्क सोडू नका, काचेची धूळ छातीत गेली की परत येत नाही. सळ्या रात्रभर भिजत घातल्या होत्या. पहिला मणी पकडीने सळी धरून हळूच पिळला. निघाला. पण बिट लावायला हात पुढे जाईना. मशीन चालू करून मी तसाच बसून राहिलो.

"काहून थांबले?" मंगला म्हणाली.

"हे झालं की संपलं, मंगला. मग तिचं काही करायचं उरत नाही."

तिने पदराने हात पुसले. "मी त वर्षभर वाट पाहून राहिली, भाऊजी. मले माळ नाही पाह्यजे होती. बाईचं कोणी काही घेऊन येते का, याची वाट पाहत होती."

मी मणी पाण्याखाली धरला. मशीन मंद, निमुळतं बिट, अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग मणी उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने रेटलं तर पलीकडची कड फुटते. भोकातून करड्या मातीची धार पाण्यात उतरत राहिली. एक मणी, मग दुसरा. घमेल्याच्या तळाशी गाळ बसायला लागला. मंगलाने वाकून पाहिलं, पाण्यात बोट घालून चिमूटभर गाळ काढला आणि अंगठ्याने चोळला.

"हे त आपल्या बोडीची माती व्हय."

"कोणत्या?" बोडी म्हणजे तिकडचं लहान तळं.

"घरामागची बोडी. बाई दर साली नेत होती ना पिशवीभर. मीच काढून देत होती, वरचा गाळ सोडून खालची चिकट. तुमाले सांगतलं नाही का तिनं?"

दर वर्षी परतताना सामानात जाडजूड पिशवी असायची, तिच्या वजनावरून मी स्टँडवर बडबड करायचो. तुळशीसाठी माती, एवढंच तिने मला सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं. म्हणजे इतकी वर्षं पुण्याच्या त्या स्वयंपाकघरात ती एकोडीच्या तलावाभोवती काच गुंडाळत होती. आणि रोज संध्याकाळी मी तो तलाव घासून घासून बेसिनमध्ये सोडत होतो. तिला माहेरची इतकी आठवण येत होती, हे मला तिच्या शेजारी बसूनही कळलं नव्हतं. मला तिची फार, फार आठवण आली. ती समोर हवी होती, एवढंच.

"रडा भाऊजी," मंगला म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

थोड्या वेळाने पुन्हा कामाला लागलो. थोडेच मणी उरले असताना मशीनची बॅटरी संपली, आणि लाइन गेलेली. मी म्हटलं, लाइन येईपर्यंत थांबू. मंगला म्हणाली, "हातानं नाही होत का?" होतं. बिट मशीनमधून काढून चिमटीत धरायचं आणि पाण्यात फिरवत राहायचं. वेळ लागतो, पण कड अगदी मऊ निघते. एक मणी मी, एक ती, असं करत गेलो. शेवटचा मी तिच्याकडेच दिला. ती तो बराच वेळ फिरवत बसली, साफ झाल्यावरसुद्धा.

मंगलाने जाड सुती दोऱ्यात माळ ओवली आणि तिथेच गळ्यात घातली. मग आम्ही घमेलं घेऊन मागे गेलो. काचेचे कण असलेलं पाणी बोडीत सोडायचं नाही, तिथे माणसं पाय घालतात. म्हणून बोडीच्या पाळीला, त्या मातीच्या बांधात, वाटेपासून दूर खड्डा करून गाळ पुरला. पलीकडे एक ढिवर जाळं झटकत होता. मंगलाच्या गळ्यातले मणी आणि पाणी, दोन्हींचा रंग मी पुन्हा पुन्हा पाहून घेतला. सुधाने तो रंग पुण्यात बसून नुसत्या आठवणीने साधला होता.

निघताना मंगलाने माझ्या सामानात एक पिशवी ठेवली. उचलली तर जड.

"तुळशीले," ती म्हणाली आणि हसली. हसताना ती हुबेहूब सुधा दिसते. स्टँडवर या वेळी मी वजनाबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन महिना होत आला. वाचकांना हवं असलेलं उत्तर वर दिलंच आहे: चार्जिंगचं मशीन, हिऱ्याची दोन बिटं, पाणी, मास्क आणि घाई नाही. एकोडीला जायचं असेल तर थंडीत जा. माझ्यापाशी काय राहिलं, तेवढं सांगतो. काल सुधाची टॉर्च पेटवली. पावडरीत तिची माती कालवून सळीला लेप दिला, वाळवला आणि काच वितळवून पहिला मणी केला. वाकडा झाला, एका बाजूला पोट सुटलेला. आज सकाळी तो भट्टीतून काढून सळी पिळली, तर हलेना. भिजवलं, पुन्हा पिळली. शेवटी निघाला, पण सगळा लेप भोकात गच्च.

"काय चिवट माती आहे गं तुझी," मी मोठ्याने म्हणालो.

स्वयंपाकघरातून "तुम्ही तुमचं काम बघा" असं ऐकू येईल म्हणून जरा थांबलो. मग मशीन चालू केलं.