सोडून गेलेल्या माणसाचा नंबर

एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारातल्या चौकशीच्या खिडकीत त्या इतकी वर्षं बसल्या, की डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणत. कुठला वॉर्ड कुठल्या मजल्यावर, एक्स-रेला किती वेळ लागेल, भेटायची वेळ संपल्यावर कुणाला विचारून आत सोडायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग त्या खिडकीच्या जागी बोट लावलं की उत्तर देणारा पडदा आला आणि चौकशीबाईंना निरोपाचं भाषण नि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात त्यांचं आडनाव चुकलं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. घड्याळ मात्र मागे पडत होतं, ते त्यांनी त्याच आठवड्यात दुकानात जाऊन बदलून आणलं.

पन्नाशी जवळ आली होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, मुलगी लग्न होऊन परगावी, घरात सासूबाई. हॉस्पिटलात असताना नर्सच्या सुट्ट्यांचे बेत त्याच आखून द्यायच्या, नुसत्या हौसेखातर. स्वतः फारशा कुठे गेल्या नव्हत्या, पण कुठल्या स्टेशनावर उतरलं तर सामान घेऊन जिने चढावे लागत नाहीत, हे त्यांना ठाऊक असायचं. त्यातल्याच एका नर्सने सुचवलं, की हेच काम घरून धंदा म्हणून करा.

धंद्याची रीत त्यांनी आधी समजून घेतली. घरबसल्या काम करणाऱ्या माणसाला विमान कंपन्या आणि हॉटेलं दारात उभं करत नाहीत. त्याने एखाद्या मोठ्या एजन्सीच्या छत्राखाली जायचं. गिऱ्हाईक आपण आणायचं, तिकिटं आणि खोल्या एजन्सीने काढायच्या, मोबदल्यात आपला वाटा मिळायचा. म्हणजे एजन्सी बरी निघाली तर आपण बरे, आणि तिने हात वर केले तर गिऱ्हाइकाच्या शिव्या खायला आपणच, तेही आपल्याच जिन्यात. चौकशीबाईंनी ठरवलं, की आधी एजन्सी पारखायची, मग गिऱ्हाईक शोधायचं.

टेबल लागलं ते सासूबाईंच्या खोलीत, कारण फोनला नीट रेंज तिथल्याच खिडकीशी यायची. सासूबाई पलंगावर बसून मटार सोलत सगळे फोन ऐकायच्या आणि फोन ठेवला की आपलं मत द्यायच्या. एका एजन्सीच्या साहेबांबद्दल त्या म्हणाल्या, "हा माणूस तुझं वाक्य संपायच्या आत हो म्हणतो. ह्याने काही ऐकलेलं नाही." ते टिपण्यासारखंच होतं.

पण पहिली एजन्सी चालून आली ती घरातूनच. चौकशीबाईंची नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि पडदे शिवायची. बोलायला मोकळी, माणसं जोडणारी, कुठल्याही नव्या गोष्टीत उडी घेणारी. ती एका कंपनीत नुकतीच प्रवास सल्लागार झाली होती. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत तेज. वहिनीलाही आपल्याबरोबर घ्यायचंच, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दोघी एका हॉटेलच्या सभागृहात गेल्या. मंचावर तकतकीत जाकिटातले एक गृहस्थ होते. त्यांनी समुद्रकिनाऱ्यांची चित्रं दाखवली, टाळ्या वाजवून घेतल्या, आणि मग जे सांगितलं त्यात प्रवास औषधालाही नव्हता. कोणी किती माणसं कंपनीत आणली, त्या माणसांनी आणखी किती आणली, एवढंच. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. चौकशीबाई उठल्या. विमान रद्द झालं तर गिऱ्हाइकाने कुणाला फोन करायचा, असं त्यांनी विचारलं. जाकीटवाल्यांनी हसून उत्तर दिलं, की यशस्वी माणूस वाईटाचा विचार आधी करत नाही. लोक हसले. चौकशीबाई बसल्या नाहीत.

"बरं, मग तुमची कंपनी सोडून गेलेल्या एखाद्या माणसाचा नंबर द्याल का?"

"आमच्याकडून कोणी जातच नाही, मॅडम."

एवढ्या माणसांत एकाचंही कुठे बिनसलं नाही, हे हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या बाईला पटणं शक्य नव्हतं. घरी येताना त्यांनी नणंदेला तसं सांगितलं. वन्सं, तुम्हीही जरा थांबा, असंही म्हणाल्या. नणंदेचं तोंड उतरलं. चारचौघांत आपली शोभा केली, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. त्यानंतर ती आईला भेटायला यायची ती वहिनी बाजारात गेलेली असताना.

चौकशीबाईंनी शोध चालू ठेवला. एका एजन्सीचा पत्ता काढत गेल्या तर तिथे सोफा दुरुस्तीचं दुकान. दुकानदार बिचारा सज्जन. एजन्सीचं टपाल येतं, आपण ते कोपऱ्यात ठेवतो, न्यायला अजून कोणी आलेलं नाही, म्हणाला. दुसऱ्या एजन्सीचं ऑफिस पाहण्यासारखं होतं, काचेचं दार, गुबगुबीत खुर्च्या. चौकशीबाई न कळवता दुपारच्या वेळी गेल्या आणि गिऱ्हाइकासारख्या बसून राहिल्या. फोन वाजत होता. तीन मुली त्या फोनकडे बघत होत्या. तो वाजून वाजून थांबला, मग त्यांच्यातल्या एकीने सुटकेचा श्वास टाकला. चौकशीबाई पाणी पिऊन उठल्या.

प्रत्येक ठिकाणी त्यांचा शेवटचा प्रश्न तोच असायचा. कोणी विषय बदलायचं, कोणी मागाहून कळवतो म्हणायचं. छापखान्याच्या वर ऑफिस असलेल्या एका जुन्या एजन्सीच्या मालकीणबाईंनी मात्र प्रश्न संपताच फोनवर नंबर सांगायला सुरुवात केली.

"लिहून घ्या. तो माझ्याबद्दल वाईटच बोलेल. ते नीट ऐका, आणि मग पुन्हा फोन करायचा की नाही ते ठरवा. माझा वेळ घालवू नका."

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, की बाई फाटक्या तोंडाची आहे, पण ऐकते.

तो सोडून गेलेला माणूस खरंच वाईट बोलला. मालकीणबाईंना सगळे हेडबाई म्हणतात, कारण त्या चुका काढून दहादा काम परत करायला लावतात. कौतुक म्हणून शब्द नाही. एकदा विमानतळावर संप झाला आणि त्याच्या गिऱ्हाइकांतलं एक कुटुंब लहान मुलांसह अडकलं, तेव्हा त्या दिवसभर फोनला चिकटून होत्या. त्यांना बसने दुसऱ्या शहरात पोचवून तिथून विमानात बसवलं, आणि मग अर्धा तास त्याला झापलं.

"मग सोडलंत का?" चौकशीबाईंनी विचारलं.

"तोंडाला कंटाळून. रोज कोण ऐकून घेणार?"

हॉस्पिटलात एक सर्जन होते, ते चौकशीच्या खिडकीशी येऊन असंच बोलायचे. चौकशीबाईंना त्याची सवय होती. त्यांनी हेडबाईंना फोन केला.

शिकण्यात बरेच महिने गेले. पहिलं मोठं काम दिलं ते खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याने. त्याची बायको चाकाच्या खुर्चीत. दोघं वर्षानुवर्षं कुठे गेले नव्हते, आणि तिला एक बेट बघायचं होतं. हॉटेलवाले फोनवर म्हणायचे, की खुर्ची लिफ्टमध्ये जाते, निर्धास्त या. चौकशीबाईंच्या नवऱ्याने जेवता जेवता मान हलवली. आयुष्यभर लिफ्टमध्ये उभं राहून त्याचं असं मत झालं होतं, की लिफ्टबद्दल सगळेच खोटं बोलतात. लिफ्टमध्ये एक चाकाची खुर्ची ठेवून फोटो काढून पाठवा म्हणावं, असं त्याने सुचवलं. पहिल्या हॉटेलने फोटो पाठवलाच नाही. दुसऱ्याने पाठवला. त्यात खुर्ची तर होतीच, वर लिफ्टवाला तिच्यावर आरामात बसला होता. तेच हॉटेल ठरलं.

तरीही परतीच्या दिवशी गोंधळ झालाच. समुद्र खवळला आणि बेटावरून निघणारी संध्याकाळची बोट रद्द झाली. बेकरीवाल्याने घाबरून फोन केला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान गाठायचं होतं. चौकशीबाईंनी त्याला हॉटेलात परत जाऊन चहा घ्यायला सांगितलं आणि हेडबाईंना फोन लावला.

हेडबाई आधी कडाडल्या. विमान असताना दिवसातली शेवटची बोट कोण घेतं, बेट म्हणजे काय बसचा थांबा आहे का, वगैरे. चौकशीबाईंनी चूक आपली आहे म्हणून सांगितलं.  मग हेडबाईंनी विमान पुढच्या दिवसावर ढकललं आणि हॉटेलात तीच लिफ्टजवळची खोली आणखी एक दिवस राखली. रात्र पडायच्या आत सगळं पार पडलं. बेकरीवाला परत आल्यावर जिन्यात भेटला. बोटीबद्दल चकार शब्द काढला नाही. बेटावरचा पाव आपल्यापेक्षा चांगला होता, एवढं मात्र त्याने खालच्या आवाजात कबूल केलं आणि हे कुणाला सांगू नका म्हणाला.

त्यानंतर कामं येत गेली. फार नाहीत, पण हाताला उसंत राहणार नाही इतकी.

आणि मग एक दिवस दुपारी नणंद आली, वहिनी घरात असताना. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. जाकीटवाल्यांच्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. तिच्या ओळखीतल्या कितीतरी जणी तिच्या शब्दावर कंपनीत शिरल्या होत्या, पण तिला खरा घोर होता तो शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांचा. ते आणि त्यांची बायको पुढच्या आठवड्यात डोंगरातल्या एका हॉटेलात जाणार होते. पैसे तिच्यामार्फत कंपनीत भरून झाले होते.

 चौकशीबाईंनी त्या हॉटेलला फोन लावून मास्तरांचं नाव सांगितलं. पलीकडच्या मुलीने दोनदा शोधलं. त्या नावाची खोली कधी घेतलीच गेली नव्हती.

पलंगावर सासूबाईंचे हात थांबले होते. लेक समोर बसलेली, सून फोनशी. 

"वहिनी, तूच सांग ना त्यांना," नणंद म्हणाली. "तुला बोलता येतं."

"मी बरोबर येते, वन्सं. बोलायचं तुम्ही."

"आत्ताच?"

"ते सामान भरायच्या आत."

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा आत पेटीवर कुणीतरी सूर लावत होतं. नणंदेने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. सुरुवातीला कंपनीने असं केलं, तसं केलं म्हणत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, की तुम्ही कंपनीवर नाही, माझ्यावर विश्वास टाकला होता. मास्तरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, आत या असंही म्हणाले नाहीत. बायकोला कसं सांगू, एवढंच स्वतःशी म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.

चौकशीबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. पुढे त्या कधी कधी सांगत, की आपल्याला त्या वेळी समाधान वाटायला हवं होतं, निदान थोडं. पण नणंदेच्या मानेवर घाम आलेला दिसला आणि दुसरं काही सुचलंच नाही.

जिन्यात नणंद कठड्याला धरून उभी राहिली. अजून बरीच घरं होती. चौकशीबाईंनी विचारलं, पुढच्या घरी येऊ का. ती नको म्हणाली. पदराने तोंड पुसलं, आणि कोपऱ्यावरून डावीकडे, जिथे तिची एक मैत्रीण राहायची त्या बाजूला, एकटीच चालत गेली.